येळवशीची आंबील आणि आपली साखर

(स्नेहमेळाव्याच्या दुपारच्या सत्रात केलेल्या भाषणाचा मजकूर)



जेवणाच्या आधी डायबेटिसवर बोलायला लावणं हा संयोजकांचा खोडसाळपणा आहे. आत जिलेबी तळली जातेय, वास इथपर्यंत येतोय, आणि मी इथं साखरेविरुद्ध बोलणार. पण विषय तुम्हीच दिलात. आपल्या बॅचच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मागच्या येळवशीपासून जो निरोप फिरतोय, त्याच्यावर 'तू एकदा काय ते खरं सांग' असं मला सतरा जणांनी सांगितलं. मी तीस वर्षं मेडिकल कॉलेजात जीवरसायनशास्त्र शिकवलं, त्यामुळे सुटका नव्हती.

निरोप तुम्हाला पाठ असेल. आपल्या आज्यांना शुगर नव्हती, कारण त्या आंबील प्यायच्या. आंबवलेल्या पदार्थातले जिवाणू शरीरातला ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस संपवतात. चाळीस दिवसांत डायबेटिस मुळासकट जातो. गोळ्या हा कंपन्यांचा धंदा आहे. खाली हात जोडलेली चित्रं.

आपल्यातल्या एकानं हे वाचून गोळी बंद केली. तो इथंच बसलाय, त्याची परवानगी घेऊन बोलतेय, मागं वळून कुणी शोधू नका. आंबील त्यानं मनापासून प्याली, रोज सकाळी तांब्याभर. त्याला बरंही वाटत होतं. कोजागिरीला दरवर्षीप्रमाणे तो तुळजापूरला अनवाणी चालत गेला. परत आल्यावर चार दिवसांनी मोज्याला डाग दिसला म्हणून मुलीनं पाय उलटा करून पाहिला, तर अंगठ्याखाली फोड फुटून जखम झालेली. त्याला दुखलंच नव्हतं. एचबीए१सी तपासलं, ते १० च्या वर गेलेलं. अडीच महिने ड्रेसिंग चाललं. अंगठा वाचला, हे आईचीच कृपा असं तो म्हणतो. मी त्यात सर्जनचंही नाव घालीन.

आता गंमत अशी की त्या निरोपातलं प्रत्येक वाक्य साफ खोटं असतं तर माझं काम सोपं होतं. त्यात खऱ्याचे तुकडे आहेत. ते वेगळे काढायचे आहेत, म्हणून थोडं शास्त्र सांगावं लागेल. सर, तुम्ही नववीत शाळेच्या एकुलत्या एक सूक्ष्मदर्शकाखाली दह्याचा थेंब ठेवून आम्हाला रांगेनं दाखवला होता, तेवढ्या भांडवलावर सगळ्यांना हे कळेल.

ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस म्हणजे मनाचा ताण नव्हे, हे आधी सांगते, कारण एक वहिनी मला म्हणाल्या की यांना रिटायर झाल्यापासून स्ट्रेसच नाही. आपल्या प्रत्येक पेशीत छोट्या चुली आहेत, त्यांना मायटोकॉन्ड्रिया म्हणतात. साखर आणि चरबी हे त्यांचं जळण. चूल नीट पेटली तरी थोडा धूर होतोच. तो धूर म्हणजे ऑक्सिजनचे बिथरलेले रेणू, ते जवळच्या प्रथिनांना, चरबीला, अगदी जनुकांनाही डागतात. शरीराकडे धूर शमवणारी स्वतःची माणसं असतात. सुपरऑक्साइड डिसम्युटेज, कॅटलेज, ग्लुटाथायोन ही त्यांची नावं. नावं विसरलात तरी चालेल, परीक्षा नाही. धूर आणि तो शमवणारे यांचा तोल बिघडला की त्याला ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस म्हणायचं.

रक्तात साखर वाढली की बहुतेक पेशी दार थोडं लावून घेतात. डोळ्याच्या पडद्यातल्या बारीक रक्तवाहिन्या, मूत्रपिंडाची गाळणी आणि नसा यांना ते नीट जमत नाही. बाहेर साखर जास्त तर आतही जास्त. चुलीत जळण कोंबलं की काय होतं हे चुलीपुढं बसलेल्यांना सांगायला नको. न्यूयॉर्कच्या अल्बर्ट आइन्स्टाइन कॉलेज ऑफ मेडिसिनमधल्या मायकेल ब्राउनली यांनी २००१ साली 'नेचर'मध्ये हे सूत्र मांडलं, की डायबेटिसमध्ये डोळा, किडनी आणि नस यांचं जे नुकसान होतं त्याच्या वेगवेगळ्या वाटांच्या मुळाशी मायटोकॉन्ड्रियातला हा जादा धूर आहे. म्हणजे निरोपातला 'ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस' हा शब्द काही हवेतला नाही. आपल्या मित्राचा पाय बधिर झाला तो याच वाटेनं.

मग धूर शमवणारं काहीतरी पोटात घातलं की झालं, असं कुणालाही वाटेल. शास्त्रज्ञांनाही वाटलं होतं. ब्रिटनमध्ये वीस हजारांहून जास्त लोकांवर 'हार्ट प्रोटेक्शन स्टडी' झाला. हृदयविकार, रक्तवाहिन्यांचे आजार किंवा डायबेटिस असलेली ही माणसं. निम्म्यांना पाच वर्षं रोज ई आणि सी जीवनसत्त्व आणि बीटा कॅरोटिन दिलं. २००२ मध्ये निकाल आला: रक्तातली जीवनसत्त्वं वाढली, हृदयविकाराचे झटके, पक्षाघात, मृत्यू यांत फरक शून्य. पुढं २००९ मध्ये जर्मनीतल्या एका प्रयोगात तर असं दिसलं, की व्यायामामुळे इन्सुलिनला जो चांगला प्रतिसाद मिळायला लागतो, तो सी आणि ई च्या गोळ्या घेणाऱ्यांना मिळालाच नाही. व्यायाम करताना होणारा थोडासा धूर शरीराला सावध करतो, आपली माणसं वाढव म्हणून सांगतो. गोळीनं तो निरोपच पुसला. चूल तशीच कोंबलेली ठेवून खिडकी उघडण्याचा हा उद्योग आहे. जळण कमी करणं हाच खरा उपाय, आणि मेटफॉर्मिन तेच करतं, यकृतातून रक्तात पडणारी साखर ते कमी करतं. धूर कमी करणारी तुमच्या घरातली सगळ्यात स्वस्त वस्तू म्हणजे ती पांढरी गोळी.

आता आंबवण्याकडे येते. इथं मला बोलायला आवडतं, कारण हा आपला विषय आहे. लातूर आणि आपला धाराशिव जिल्हा सोडला तर येळवस म्हणजे काय हे महाराष्ट्राला समजावून सांगावं लागतं. पुण्यात माझ्या सहकाऱ्यांना मी वेळ अमावास्या म्हणून सांगायची, तर त्यांना वाटायचं काहीतरी अशुभ आहे. शेतात कडब्याची कोप, भज्जी, बाजरीचे उंडे, गव्हाची खीर आणि माठातली आंबील. त्या दिवशी सबंध गाव शेतात असतं, रस्त्यावर कुत्रंसुद्धा सापडत नाही.

आंबिलीत काय घडतं ते पाहा. ताकातले लॅक्टिक आम्ल तयार करणारे जिवाणू ज्वारीच्या पिठात शिरतात. पिठातल्या साखरेवर जगतात, आम्ल सोडतात, म्हणून ती आंबते आणि म्हणून ती लवकर नासत नाही. ज्वारीच्या टरफलात फायटिक आम्ल असतं, ते लोह आणि जस्त धरून ठेवतं. आंबवताना ते बऱ्याच अंशी मोडतं. टरफलाला चिकटलेली फिनॉल जातीची द्रव्यं थोडी सुटी होतात, ती धूर शमवण्याच्या कामी येणारी आहेत. आणि तयार झालेलं आम्ल स्टार्चचं पचन मंदावतं. स्वीडनमधल्या लुंड विद्यापीठाच्या संशोधकांनी १९९५ मध्ये आंबवलेल्या पिठाच्या पावावर हे दाखवलं: लॅक्टिक आम्ल असलेला पाव खाल्ल्यावर साखर साध्या पावापेक्षा हळू चढली. आपल्या आंबिलीच्या बाजूनं ही मोठी गोष्ट आहे.

पण एक सांगा, तुमच्या घरी आंबील कशी करतात? मी सकाळी चहाच्या वेळी पाच-सहा मैत्रिणींना विचारलं, तर दोन तट पडले. उमरग्याकडची म्हणाली, पीठ ताकात कालवून रात्रभर आंबवायचं आणि मग शिजवायचं. भूमची म्हणाली, छे, पीठ आधी शिजवून गार करायचं, मग ताक घालून माठात ठेवायचं. भांडणाची वेळ आली होती. शास्त्राच्या दृष्टीनं दोघींच्या आंबिलीत मोठा फरक आहे. पहिल्या पद्धतीत उकळताना जिवाणू मरतात. आम्ल राहतं, मोडलेलं फायटिक आम्ल मोडलेलंच राहतं, सुटी झालेली द्रव्यं बरीचशी राहतात, पण जिवंत काही नाही. इडली, ढोकळा, कढी यांचंही तेच. दुसऱ्या पद्धतीत जिवाणू जिवंत तुमच्या पोटात जातात, ताकासारखेच. जे लोक 'जिवाणू, जिवाणू' करतात त्यांनी आधी आपली आंबील कोणत्या तटातली ते पाहावं.

जिवंत जिवाणूंनी डायबेटिसवाल्यांचं काय भलं होतं? यावर मला माहीत असलेला सगळ्यात जवळचा प्रयोग इराणमधल्या तबरीझचा, २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेला. टाइप टू डायबेटिसचे ६४ रुग्ण घेतले. निम्म्यांना सहा आठवडे रोज ३०० ग्रॅम प्रोबायोटिक दही दिलं, म्हणजे ज्यात दोन ठरावीक जातींचे जिवाणू मुद्दाम घातलेले होते. उरलेल्यांना तेवढंच साधं दही. प्रोबायोटिकवाल्यांची उपाशीपोटीची साखर आणि एचबीए१सी दुसऱ्या गटाच्या तुलनेत उतरलं, आणि मी मघाशी नावं घेतली त्या धूर शमवणाऱ्यांपैकी सुपरऑक्साइड डिसम्युटेजचं काम वाढलं. निरोप लिहिणाऱ्यानं बहुधा याचीच बातमी कुठंतरी वाचली असावी.

आता नीट बघा. साधं दही, जे तुम्ही-आम्ही घरी विरजतो त्याच्या जातीचं, ते त्या प्रयोगात तुलनेच्या बाजूला होतं. जिंकलं ते ठरावीक जिवाणू मोजून घातलेलं दही. आपल्या विरजणात कोण पाहुणे आहेत हे घरोघरी वेगळं, शेजारणीकडून विरजण आणलं की तेही बदलतं. चरबीला लागणारा डाग दाखवणारी एक खूण मात्र दोन्ही गटांत आधीपेक्षा उतरली होती, हे साध्या दह्याच्या बाजूनं सांगितलं पाहिजे. शिवाय माणसं थोडी आणि काळ सहा आठवड्यांचा. तांबडी पेशी जगते सुमारे १२० दिवस, त्यामुळे एचबीए१सीवर पक्कं बोलायला निदान तीन महिने हवेत. आणि सगळ्यात महत्त्वाचं, त्या रुग्णांना कुणी गोळ्या सोडायला लावल्या नव्हत्या.

आपल्याकडे कर्नालच्या राष्ट्रीय डेअरी संशोधन संस्थेतही प्रोबायोटिक दह्यावर चांगलं काम झालंय. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगात भरपूर फ्रुक्टोज खाऊ घातलेल्या उंदरांना दही दिल्यावर साखर वाढण्याचा वेग मंदावला. उंदीर होते ते. अमेरिकेत स्टॅनफर्डला २०२१ मध्ये ३६ निरोगी माणसांवर प्रयोग झाला. ज्यांनी दहा आठवडे दही, केफिर, किमची असले आंबवलेले पदार्थ दिवसाला सरासरी सहा वेळा खाल्ले, त्यांच्या आतड्यातल्या जिवाणूंची विविधता वाढली आणि सूज दाखवणारी १९ प्रथिनं रक्तात कमी झाली. छान निकाल आहे. पण ती माणसं निरोगी होती, आणि सहा वेळा म्हणजे सहा वेळा. २०२४ च्या मार्चमध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं दह्याच्या डब्यावर 'आठवड्याला दोन कप दह्यानं टाइप टू डायबेटिसचा धोका कमी होऊ शकतो' असं छापायला परवानगी दिली, आणि त्याच वाक्यात 'पुरावा मर्यादित आहे' हेही छापायची अट घातली. धोका कमी होणं म्हणजे ज्यांना अजून झालेला नाही त्यांच्यासाठी. झालेला जाणं ही वेगळी गोष्ट.

तेव्हा माझं मत असं. वाटीभर दही, दोन पेले ताक, येळवशीची आंबील, हे सगळं खा. गोळी चालू ठेवून खा. खाऱ्या शेवेच्या आणि चहासोबतच्या बिस्किटांच्या जागी ताक आलं तर फायदा त्या ताकाइतकाच त्या न खाल्लेल्या बिस्किटांचा आहे, आणि मला तो दुसरा जास्त मोठा वाटतो.

काही बारकावे आहेत. ज्वारीत साखर नसते, असं आपल्याकडे ठाम मत आहे. ज्वारीच्या शंभर ग्रॅममागे सत्तर ग्रॅमच्या आसपास पिष्टच असतं, गव्हासारखंच. भाकरी चांगली, पण चार भाकरी म्हणजे चार भाकरी. आंबिलीचा एक पेला म्हणजे पातळ केलेली अर्धी-पाऊण भाकरी समजा आणि ताटातली तेवढी कमी करा. आपल्या मित्राचा तांब्या भाकरीच्या जागी आला नव्हता, भाकरीच्या वर आला होता. ज्यांना मीठ कमी सांगितलंय त्यांनी ताकात मीठ घालू नये. क्रिएटिनिन वाढलेलं असेल त्यांनी किती दही-ताक चालेल ते आपल्या डॉक्टरांनाच विचारावं. लोणचं हे आंबवलेलं आहे असं मला एकानं पटवायचा प्रयत्न केला. आपली बहुतेक लोणची तेल, मीठ आणि आंबटपणावर टिकतात, आणि त्यात मिठाचा मारा असतो. श्रीखंडाबद्दल बोलतच नाही. आणि भूम-कुंथलगिरीकडच्या मंडळींना विशेष विनंती, खवासुद्धा दुधाचाच असतो हा युक्तिवाद इथं चालणार नाही. दारूही आंबवूनच करतात, हे मागच्या बाकांवरून कुणी म्हणायच्या आत मीच म्हणून टाकते.

आता आज्यांचं. माझ्या आजीला शुगर होती की नव्हती हे मला माहीत नाही, कारण तिची कुणी तपासलीच नाही. तुमच्याही नाही. एवढं मात्र ठाऊक आहे की ती दिवसाला दोन वेळा आडावरून पाणी आणायची, सुगीत खुरपायला जायची, १९७२ च्या दुष्काळात तिनं खडी फोडली. अमेरिकेहून आलेल्या मिलोची लाल भाकरी खाऊन तिनं दिवस काढले. तिच्या चुलीत जळणच कमी होतं. आंबील तर वर्षातून काही दिवस. श्रेय सगळं आंबिलीला देऊन मोकळं होणं हा त्या बाईच्या कष्टांवर अन्याय आहे.

आणि 'मी तर किडकिडीत, मला कशाला होईल' म्हणणाऱ्यांसाठी पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचा एक फोटो आहे. २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. एका बाजूला ते, दुसऱ्या बाजूला त्यांचे इंग्लंडमधले सहकारी डॉ. जॉन युडकिन. दोघांचा बॉडी मास इंडेक्स अगदी सारखा, २२.३. दिसायला दोघंही सडपातळ. अंगातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. आपली हाडं बारीक, स्नायू कमी आणि चरबी पोटात लपलेली. याज्ञिक यांच्या गटानं १९९३ पासून पुण्याजवळच्या खेड्यांत गरोदर बायांचा आणि त्यांच्या मुलांचा पाठपुरावा केला, तेव्हा हे जन्मापासूनच तसं असल्याचं दिसलं. म्हणून वजनकाट्यापेक्षा कमरेच्या पट्ट्यावर विश्वास ठेवा. आयसीएमआरच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात १० कोटींहून जास्त लोकांना डायबेटिस आहे, प्रौढांत ११.४ टक्के. ते सगळे काही जाडे नाहीत.

याज्ञिक यांच्याच कामातली आणखी एक गोष्ट आपल्याला थेट लागू आहे. पुणे आणि आसपासच्या पुरुषांत त्यांनी बी-१२ जीवनसत्त्व तपासलं, तर साधारण तीनातल्या दोघांत ते कमी निघालं. आपल्यातले कितीतरी जण माळकरी, शाकाहारी. त्यात मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेतलं की बी-१२ आणखी उतरू शकतं. आणि बी-१२ कमी झालं की पायात मुंग्या येतात, बधिरपणा येतो, अगदी डायबेटिसमुळे येतो तसाच. गोळीमुळेच पाय बिघडला, अशी अर्धी खरी ओरड यातूनच होते. उपाय गोळी सोडणं हा नाही. वर्षातून एकदा बी-१२ तपासायचं आणि कमी असेल तर डॉक्टरांच्या सल्ल्यानं ते घ्यायचं. आंबवल्यानं बी-१२ तयार होतं, असंही त्या निरोपात आहे. विरजणातले जिवाणू साधारणपणे ते बनवत नाहीत. दह्यात जे थोडं असतं ते दुधातूनच आलेलं.

एचबीए१सीचा आकडा किती महत्त्वाचा, तर ब्रिटनच्या यूकेपीडीएस अभ्यासात पाच हजारांहून जास्त रुग्णांना वर्षानुवर्षं पाहिलं, तेव्हा एचबीए१सी १ टक्क्यानं कमी असलं की डोळे-किडनी अशा बारीक रक्तवाहिन्यांचे बिघाड ३७ टक्क्यांनी कमी दिसले. आपल्या मित्राचा आकडा आज पुन्हा ७ च्या घरात आहे. तो गोळी घेतो आणि आंबीलही पितो, पेल्यानं. पुढच्या कोजागिरीला जाणार का विचारलं, तर म्हणाला, जाणारच. आता त्याच्यासाठी मऊ तळाचे, मापाचे बूट आणि जाड मोजे घेतलेत. देवीला चपलेचं काही वाटत नाही, हे त्याला त्याच्या आईनं, म्हणजे खऱ्या आईनं, वय वर्षं चौऱ्याऐंशी, सांगितलं तेव्हा पटलं. मी सांगितलेलं पटलं नव्हतं.

माझी वीस मिनिटं संपली, संयोजक घड्याळ दाखवतायत. शेजारच्या दहावी 'अ' च्या वर्गात मी एक टेबल मांडलंय. तिथं नायलॉनचा एक धागा आहे, तो १० ग्रॅम दाबानं वाकतो. डोळे मिटून बसायचं, मी तो तळपायाला टेकवीन, लागला की 'हो' म्हणायचं. एकेकाला दोन मिनिटं लागतील. ज्यांना शुगर आहे त्यांनी जेवायला जायच्या आधी बूट-मोजे काढून रांगेत या. वहिनींनो, तुमचे हे आले नाहीत तर हाताला धरून आणा. गुरुजनांना रांग नाही, सर, बाई, तुम्ही थेट आत या.